गळक्या कार्बोरेटरची रात्र

दार ओढून घ्या आधी. कडी नको, नुसतं ओढा. आणि हा हसतोय ना, त्याला माझ्या शेजारी बसू द्या. रात्री पाणी प्यायला उठायचं झालं की हाच पहिला मला हलवतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून गॅरेज होतं, त्या मिस्त्रीची आहे. त्याला सगळे 'अर्धातास' म्हणायचे. स्कूटर असो की ट्रक, विचारलं की उत्तर एकच, "अर्ध्या तासात देतो." हात मात्र सोन्याचा. लोक लांबून जुन्या गाड्या त्याच्याकडे आणायचे. आणि त्याची कामाची एक रीत होती. तो बॉनेटखाली वाकला की वहिनी, म्हणजे त्याची बायको, समोर टॉर्च धरून उभ्या राहायच्या. बोलायचं नाही, हा नियम. तो मान वर न करता "खाली", "उजवीकडे" म्हणायचा आणि उजेड तिथं जायचा. तीस वर्षं असंच चाललं. सकाळी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी टॉर्च हलायचा नाही.

गेल्या वर्षी सोळा नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, वहिनींच्या पोटात अचानक दुखायला लागलं. मुलगी त्यांना अँब्युलन्समधून चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. ऑपरेशन सकाळी ठरलं. मिस्त्री कपडे आणि कागदपत्रं घेऊन पहाटेच्या बसने जाणार होता. रात्री साडेदहाला मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्ही आत्ताच या. आई सारखी तुम्हालाच विचारतेय."

शेवटची बस गेली होती. मी म्हटलं, "माझी मोटरसायकल आहे. बस मागे, तासाभरात पोचवतो."

"आणि तिला परत कशावर आणू?" तो म्हणाला. "टाके घातलेलं माणूस मोटरसायकलवर बसतं का? ही गाडी काढतो की. नुसता कार्बोरेटर गळतोय. अर्धा तास."

गाडी म्हणजे दुरुस्तीला आलेली, पन्नास वर्षांपूर्वीची, लांब नाकाची. लागेल तशी फिरवून बघ, असं मालक सांगून गेला होता. पण पेट्रोल थेंब थेंब खालच्या पाइपावर पडत होतं आणि इंजिन चाललं की तो पाइप लालभडक तापतो. तशीच काढली असती तर वाटेत पेटली असती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. मी तसं बोललो नाही. "झाली की हाक मार," म्हणून घरी आलो आणि झोपलो. झोपलो, पोरांनो. ते मला अजून सलतं.

पुढचं त्याने मला आठ दिवसांनी सांगितलं, एकदाच.

त्याने शटर आतून ओढून घेतलं आणि कार्बोरेटर उघडला. आत पेट्रोल अडवणारी एक बारीक सुई असते, तिचं टोक झिजलं होतं. ते दगडावर घासलं, बसवलं, हाताने पेट्रोलचा पंप मारला. थेंब आलाच. पुन्हा उघडलं. छताचा दिवा पाठीमागे, त्यामुळे कामावर त्याचीच सावली पडत होती. टॉर्च गाडीवर टेकवून ठेवला होता, तो सारखा घसरायचा. असं दोन तास चाललं. शेवटी वैतागून, मान खाली घालूनच, तो सवयीने बोलला, "जरा खाली."

उजेड खाली आला.

"डावीकडे."

डावीकडे सरकला.

आता काम नीट दिसायला लागलं. पाचेक मिनिटं तो शांतपणे घासत राहिला. मग हात थांबला.

टॉर्च... कोणी धरलाय?

साडेबारा वाजले होते. त्याने मान वर केली नाही. समोर कोणीतरी उभं आहे, एवढं त्याला कळत होतं. त्याला वाटलं, संपलं. ती गेली. गेली आणि इथं आली.

"कधी आलीस?"

...

"फार दुखलं का गं?"

...

नियमच होता, बोलायचं नाही. तो रडत रडत काम करत राहिला. पावणेदोनला सुई बसली. पंप मारला. थेंब नाही. कोरडं. आणि उजेड मागे सरकायला लागला. हळूहळू.

"थांब गं."

त्याने स्क्रू सैल केला. थेंब पडला. उजेड परत आला.

मग रात्रभर तेच. घट्ट करायचं. उजेड निघाला की सैल करायचं. फोन वाजत होता... त्याने उचलला नाही. मुलगी काय सांगणार ते ठाऊकच आहे, असं त्याला वाटलं. ते ऐकलं की ही जाईल. पुन्हा वाजला. पुन्हा...

पाचच्या सुमारास वाजायचा थांबला.

साडेपाचला मुलीने मला फोन केला. मी जाऊन शटर बडवलं. त्याने उघडलं. डोळे सुजलेले, पण चेहरा निवांत होता. म्हणाला, "माहीत आहे मला. रात्रीच गेली ना? साडेबाराच्या आधी?"

मला सांगावं लागलं. वहिनी पहाटे पाचला गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या. दाराकडे डोळे लावून होत्या. "हे निघाले का?" एवढंच विचारत होत्या. प्रत्येक फोन त्यांनीच मुलीला लावायला सांगितला होता.

गाडी पावणेदोनलाच दुरुस्त झाली होती. निघाला असता तर तीनच्या आत पोचला असता. हे त्याचं त्यालाच कळलं.

"मग इथं..." तो म्हणाला, "इथं कोण होतं?"

...

टॉर्च पलीकडच्या मडगार्डवर पडला होता, अजून चालू. त्या मडगार्डवर महिनाभराची धूळ होती. धुळीत एक पंजा उमटला होता, कोणी टेकून उभं राहावं तसा. मिस्त्रीने त्यावर आपला हात ठेवला. हात त्याचा चांगला मोठा, राकट.

त्याची बोटं त्या बोटांच्या निम्म्यावरच संपली.