पालथ्या ताटाला शंभर गुण

दादाला रोज शंभरपैकी शंभर गुण मिळत होते. मग दादा वाळत का चालला होता? अकरा वर्षांच्या इंदूला हे कोडं काही केल्या सुटेना.

हे गुण शाळेतले नव्हते, ताटातले होते. इंदूचे आजोबा, म्हणजे अप्पा, संगणकशास्त्रज्ञ. त्यांनी जेवणाच्या टेबलावर 'सुग्रास' नावाचा दिवा टांगला होता; तसाच एक शाळेच्या जेवणघरातही बसवला होता. त्यात कॅमेरा होता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता (उदाहरणांवरून शिकणारी संगणकाची अक्कल) होती. कोण काय खातंय ते पाहून तो सगळ्यांदेखत गुण सांगायचा. "कौस्तुभ, दुसरा लाडू. दहा गुण वजा!" असं म्हणून लालेलाल व्हायचा. सणासुदीलासुद्धा या मेल्याला दम नसे. घरातले मात्र मूग गिळून बसायचे.

एके काळी गरम थालीपिठासाठी इंदूशी भांडणारा कौस्तुभदादा आता चतकोर पोळी चिवडून "भूक नाही" म्हणत उठायचा. परवा मैदानावर त्याला भोवळ आली. डॉक्टर म्हणाल्या, "पोरगा जेवायला घाबरतोय."

अप्पांना ते पटेना. "सुग्रास तर सांगतोय, त्याचं जेवण उत्तम आहे!"

त्या संध्याकाळी आई इंदूच्या पानात वाढायला वाकली, तेवढ्यात इंदूने आपलं ताट उचललं आणि खण्णकन पालथं घातलं.

"इंदू! हा काय आचरटपणा?" अप्पा कडाडले.

"दादा पोटभर जेवेपर्यंत मी जेवणार नाही."

एकाचं पान रिकामं असताना दुसऱ्याने घास घ्यायचा नाही, ही या घरची रीत. अप्पांची भाकरी निवू लागली. इंदू हाताची घडी घालून ढिम्म बसली.

तेवढ्यात दिवा हिरवागार झाला. "शाब्बास, इंदू! एकही चूक नाही. शंभरपैकी शंभर!"

अप्पा त्या पालथ्या ताटाकडे बघतच राहिले.

"आलं लक्षात," ते शेवटी म्हणाले. "यंत्राला भूक कळत नाही की माया कळत नाही. त्याला कळतं फक्त ध्येयसूत्र (चांगलं कशाला म्हणायचं, हे ठरवणारा नियम). मी त्याला सांगितलं, खाण्यातल्या चुका कमी झाल्या की चांगलं. जो खातच नाही, तो चुकणार कसा? सुंठीवाचून खोकला गेला!"

"म्हणजे चूक दिव्याची नाही, तुमची."

"इंदू!" आईने दटावलं.

"बोलू दे तिला. माझीच चूक आहे. आहाराचे तक्ते ढीगभर वाचले, पण ज्याच्या ताटावर दिवा टांगला, त्याला विचारलंच नाही. कौस्तुभ, तू सांग. या दिव्याने काय करावं?"

दादाने वर दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला जेवताना कुणी मोजलेलं नको."

अप्पांनी जागच्या जागी कॅमेरा उपटून काढला. नवा नियम दादाने सांगितला आणि त्यांनी तो दिव्यात भरला: गुण नाहीत, लाल रंग नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

दादाची भीती एका दिवसात गेली नाही. डॉक्टरांकडे जाणं चालूच होतं. पण एका रविवारी त्याने दुसरं थालीपीठ घेतलं आणि सवयीने वर पाहिलं. दिवा पिवळा, शांत.

"काय रे सुग्रास, काही म्हणायचंय?" इंदूने मुद्दाम डिवचलं.

"हो," दिवा म्हणाला. "आज गोष्ट कोण सांगणार?"

दादाला तोंडात घास असतानाच हसू फुटलं. इंदूला इतका आनंद झाला, की तिने आपल्या वाटणीचं लोणी त्याच्या पानात लोटलं.

"उद्या डब्यात काय देऊ गं?" आईने विचारलं.

"काही नको. रिकामाच दे." इंदूने अप्पांकडे पाहिलं. "शाळेच्या जेवणघरात अजून तुमचा जुनाच दिवा आहे. त्याच्यासमोर डबा पालथा घालून दाखवते. मग दादाच्या डब्यात जेवीन."

अप्पांनी चष्मा पुसला. "मलाही एक रिकामा डबा दे गं," ते आईला म्हणाले. "मीही येतोय."