धरलंय

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय माझ्यासारखाच अधू आहे. या खोक्यावर बसा आणि दिवा जरा तुमच्याकडे ओढून घ्या. धुकं असलं की या गॅरेजमध्ये चार वाजताच संध्याकाळ होते.

जुन्या ब्रिटिश मोटारसायकलची पुढची ब्रेक प्लेट हवी म्हणून आलात. ती फळीवर आहे, कापडाखाली. द्यायची नाही असं नाही. पण आधी ऐकून घ्या, मग न्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा.

ही प्लेट माझ्या मोठ्या भावाच्या गाडीची. आम्ही दोघं मिळून हे गॅरेज चालवायचो. दादा बोलका, मी घुम्या. लोक गाड्या दुरुस्तीला आणायचे आणि दादाच्या गप्पा ऐकून जायचे. त्या गाडीवर त्याचा भारी जीव. वहिनी म्हणायची, "लग्न माझ्याशी केलं आणि संसार हिच्याशी." गाडी होतीही देखणी, पण पुढचा ब्रेक म्हणजे नावाचाच. तुम्हाला माहीतच आहे, त्या जुन्या प्लेटवर ड्रमला आतून दाबणारे शू दोन असतात, पण चाकाच्या गतीबरोबर ओढला जाऊन चावतो एकच. दुसरा नुसता घासत राहतो, हजेरी लावल्यासारखा. सपाटीवर चालून जातं. उतारावर लिव्हर मुठीला टेकली तरी गाडी आपली निघालेलीच.

आता पुढचं कळण्यासाठी आमची एक कामाची पद्धत सांगायला हवी. ड्रम ब्रेकचं चाक बसवताना एक्सलचा नट आधी ढिला ठेवायचा. मग एकानं लिव्हर कचकून दाबून धरायची, म्हणजे आतले शू ड्रमला सारखे टेकतात आणि प्लेट मधोमध येते. तशी धरलेली असतानाच दुसऱ्यानं नट आवळायचा. मध्येच हात ढिला पडला की प्लेट तिरकी बसली, ब्रेक कायमचा मऊ. म्हणजे काम दोन माणसांचं. लिव्हर दादाकडे, पाना माझ्याकडे. मी खाली वाकून विचारायचो, "धरलंस?" वरून उत्तर यायचं, "धरलंय." आवळून झालं की मी एक शब्द म्हणायचो आणि दादा हात काढायचा. हात काढ असं सांगणारा तो छोटासा शब्द. तुम्हाला कळला असेलच. मी तो आज इथे उच्चारणार नाही, तुम्हीही उच्चारू नका.

दादा त्या शब्दाचा इतका पक्का की विचारू नका. एकदा आवळून झाल्यावर मी हात धुवायला गेलो, शेजारचा सुतार भेटला, चहा झाला, गावगप्पा झाल्या. परत येऊन बघतो तर हे महाशय लिव्हर दाबून उभे. बोटं पांढरी पडलेली. मी म्हटलं, "अरे, वेड लागलं का तुला?" तर म्हणतो कसा, "तू म्हणालास कुठे?" आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो त्या दिवशी.

तो गेला तो उतारावरच. वळणापलीकडे एक ट्रक बंद पडून उभा होता. ज्यांनी त्याला उचललं त्यांनी मला नंतर हळूच सांगितलं, की उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून एकेक करून उकलावी लागली.

मग गाडी ताडपत्रीखाली गेली आणि मी या मागच्या खोलीत. लग्न केलं नव्हतं, दादा होता तेव्हा त्याची उणीव कधी भासली नाही. नंतर भासली. गिऱ्हाईक काम सांगतं, पैसे देतं, निघून जातं. दिवसचे दिवस माझा आवाज मला ऐकू यायचा नाही. म्हणून काम करताना मी स्वतःशीच बोलायला लागलो. पाना फिरवताना सवयीनं विचारायचो, धरलंस? आणि पुढे कामाला लागायचो. माणूस एकटा पडला की असं काहीबाही करतो.

गेल्या हिवाळ्यात पुतणी आली. दादाची एकुलती एक. म्हणाली, "काका, बाबांची गाडी मी चालवणार." वहिनी दोन दिवस जेवली नाही. शेवटी मला म्हणाली, "भावोजी, ती ऐकायची नाही, बापावर गेलीय. पण पुढचा ब्रेक बदलल्याशिवाय ती गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. आणि तो तुम्हीच बदलायचा." मी शब्द दिला. त्या घरातलं एक माणूस त्या ब्रेकनं नेलं होतं, दुसऱ्याची जबाबदारी आता माझ्या हातांवर होती.

दोन्ही शू चावतील अशी मोठी प्लेट मिळवली, मोठा ड्रम चाकात बसवून घेतला, आरे ओढून चाक सरळ केलं. जुनी प्लेट पुसून त्या फळीवर ठेवली. शू मिटलेले, केबल जिला ओढते ती दांडी सैल. हे नीट लक्षात ठेवा, मी माझ्या हातानं तशी ठेवली होती.

चाक चढवलं ती अशीच धुक्याची वेळ होती. बाहेरचा रस्ता दिसत नव्हता, नुसती गटारातल्या पाण्याची कुळकुळ. लिव्हर धरायला कोणी नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिनं लिव्हर मुठीला करकचून बांधली. खाली वाकलो. तोंडातून सवयीनं गेलंच, "धरलंस?" आणि नट आवळला. इतका सुरेख बसला की मनात म्हटलं, दादा असता तर पाठ थोपटली असती.

उठून पट्टी काढायला गेलो. पट्टी खाली फरशीवर पडली होती. तुटून.

लिव्हर मात्र मुठीला टेकलेली.

मी चाक फिरवून पाहिलं. जागचं हलेना. केबल अडकली असेल, म्हणून हलवून पाहिली. ती तारेसारखी ताणलेली. मग वास आला. शूवरच्या तापलेल्या लायनरचा, उतार उतरून आलेल्या गाडीला येतो तो. चाक तर अजून एकदाही फिरलं नव्हतं. दिवा जवळ नेला. मुठीचं रबर खाली अंगठ्याच्या जागी दबलेलं होतं...

घाबरलो का? घाबरलो. पण खरं सांगू, पळावंसं वाटलं नाही. खाली चाकापाशी बसून राहिलो. किती वर्षांनी त्या खोलीत माझ्यासोबत कोणीतरी होतं.

मग दारावर थाप पडली. "काका, झालं का? आई विचारतेय..." पुतणीचा आवाज. मी उठलो. तो शब्द म्हटला की काय होणार ते मला कळत होतं, आणि म्हणणं भाग होतं. पोरीला बापाची गाडी हवी होती.

"दादा..." म्हटलं. आणि मग तो शब्द.

लिव्हर झटकन उडाली नाही. हळूहळू परत गेली. दादा तसाच हात काढायचा, केबलला झटका बसू नये म्हणून.

पुतणी गाडी घेऊन गेली. ब्रेक असा लागतो की सांगायची सोय नाही, रोज उतार उतरते आणि हसत घरी येते. वहिनी पुन्हा नीट जेवते. सगळं ठीक झालं. ती गाडी घेऊन गेली त्या संध्याकाळी मी एकटा आत आलो, दिवा फळीपाशी नेला.

काढा ते कापड. बघा.

शू फाकलेले आहेत ना? दांडी करकचून ओढलेली. केबल नाही, चाक नाही, गाडीही इथे नाही. हातानं ढकलून बघा, हातोडी मारून बघा, मी सगळं केलंय. नवा ब्रेक त्यानं मोकळा केला, कारण मी तसं म्हटलं. हा त्यानं त्या उतारावर दाबला होता. त्या दिवशी म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

मी आता म्हणू शकतो. एका शब्दाचं तर काम. रोज संध्याकाळी तोंडापर्यंत येतो, आणि मी या खोलीकडे बघतो, आणि गिळून टाकतो. माझा सख्खा भाऊ आहे हो तो. तरीही गिळून टाकतो.

दांडीजवळची ती खडूची रेघ दिसतेय? काल मी मारली, दांडी जिथे होती तिथे. आज दांडी तिच्या पुढे गेलीय. काल परवाच्या रेघेच्याही पुढे गेली होती. तो उतार अजून संपलेला नाही, आणि तो आता जास्त जोर लावतोय.

नको म्हणता? बरं. दार ओढून घ्या जाताना. तुम्ही गेलात की मी नवी रेघ मारतो.