गुळगुळीत पत्रक

दोन कॅमेऱ्यांची दोन जाहिरात-पत्रकं तिने दुकानाच्या काउंटरवर आपटली आणि शेजारी कॅमेरा ठेवला... तो मात्र अलगद. कितीही राग आला तरी महागाची वस्तू आपटू नये, ही आईची शिकवण.

"मालक कुठायत?"

"येतीलच. मी आहे ना—" चष्मेवाला विक्रेता धडपडत उठला.

"तुम्हीच विकलात हा! काल लग्नाच्या हॉलमध्ये, कमी उजेडात काढून पाहिले फोटो. आईच्या चेहऱ्यावर वाळू ओतल्यासारखं दिसतंय. रविवारी ताईचं लग्न, फोटो मीच काढणार म्हणून सांगून बसलेय. आता तोंड कुठे लपवू?"

त्याने भिंग पुढे केलं. "पत्रकातल्या बाईचा गाल बघा."

तिने पाहिलं. गाल कुठला... नुसते रंगीत ठिपके!

"छापील फोटोत कॅमेरा दिसत नाही हो, छापखाना दिसतो. या कॅमेऱ्याचं पत्रक गुळगुळीत कागदावर, म्हणून तुम्हाला आवडलं. दुसऱ्याचं खरखरीत, शाई पसरलेली. पण कमी उजेडात तो दुसराच सरस."

तिची कानशिलं तापली. "तासभर मी इथे उभी राहून पत्रकं ताडून बघत होते. तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होती?"

"सांगितलं असतं, तर..." त्याची नजर खाली गेली, "पाच मिनिटांत निघून गेला असतात तुम्ही."

क्षणभर तिला कळेचना. कळलं तेव्हा राग दुप्पट झाला... आणि गालही तापले, याचा राग वेगळाच!

"मला बघत बसायला माझ्या ताईच्या लग्नाचे फोटो पणाला लावलेत?"

तेवढ्यात मालक आत आले. तिने तोंड उघडण्याआधीच तो म्हणाला, "मालक, यांना चुकीचा कॅमेरा घेऊ दिला. माहीत असून गप्प बसलो. बदलून देतोय."

"वापरलेला माल परत?" मालक कडाडले. "मग तो तुझ्याच गळ्यात, पैसे तुझ्या पगारातून! आणि पुन्हा असं केलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

"चालेल," म्हणत त्याने दुसऱ्या कॅमेऱ्याचा खोका तिच्यासमोर ठेवला. आता मान वर होती.

तिने खोका छातीशी धरला. दारापर्यंत गेली... थांबली.

"तुमच्या गळ्यातला तो उन्हात चालतो ना?"

"उन्हात? झकास!"

"मग रविवारी या. अंगणातले फोटो तुमचे, आतले माझे. आणि नुसते बघत बसलात तर खबरदार!"

"राग... किती दिवस राहील?" त्याने भीत भीत विचारलं.

"पुष्कळ दिवस," ती कडाडली. "रोज येऊन विचारावं लागेल!"