दोघांसाठी लावलेली स्प्रिंग

बाईक घरी आणली तेव्हा मला ती धड उभीही करता येत नव्हती. लांबच्या प्रवासाची, जड, जुनी गाडी. पुढे वारा अडवणारी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि मागे बसणाऱ्याला टेकायला छोटीशी गादी. गॅरेजमध्ये वळवताना ती अंगावर कलली आणि तिला थोपवण्याच्या नादात मी खांदा दुखावून घेतला. जड वस्तूशी भांडायचं नसतं, तिचा तोल कुठे आहे ते शोधायचं असतं, एवढं त्यातून शिकले.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादं काम पायरी-पायरीने शिकणं मला जमतं. साखळी साफ करून तेल देणं, इंजिन ऑइल बदलणं, ब्रेकचे पॅड किती झिजलेत ते टॉर्च लावून पाहणं, हे सगळं मी त्याच पद्धतीने शिकले. चालवायला शिकले ती मात्र पडत-झडत, बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात.

मूळ कल्पना नवऱ्याची. डोंगरापलीकडे पठारावर एक रस्ता जातो आणि पाण्याच्या काठाशी संपतो. मोठी बाईक घेऊन तिथवर जायचं, त्याने चालवायची आणि मी मागे बसायचं, असं ठरलं होतं. गाडी बघायला सुरुवात केली आणि तो आजारी पडला. एका हिवाळ्यात संपलाच. त्याचे कपडे, चष्मा, पुस्तकं घरात होती, पण ती सगळी जिथल्या तिथे थांबलेली. त्याची अजून व्हायची राहिलेली अशी ही एकच गोष्ट होती. म्हणून मी गाडी घेतली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" नणंद म्हणाली. ती त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. "साधी सायकल चालवताना गटारात गेली होतीस. आता हा हत्ती बांधलास दारात!"

"हळूहळू चालवीन, ताई."

"हळू चालवलीस तर पडशील, जोरात चालवलीस तर मरशील. काय ते ठरव आणि मला आधी कळव."

मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणायचे. त्याचं म्हणणं, खरा डॉक्टर तोच, कारण काढलेला भाग तो पेशंटच्या हातात देतो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, शेपटाकडचा भाग तळहाताने दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"मागची स्प्रिंग दोघांसाठी लावलीये, मॅडम. आधीचा मालक बायकोला घेऊन फिरायचा. तुम्ही एकट्या. अशीच चालवलीत तर प्रत्येक खड्ड्यात बसाल वर आणि गाडी जाईल खाली."

त्याने नट फिरवून स्प्रिंग एकटीसाठी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीकाठच्या रस्त्याने निघाले. पहिल्याच वळणावर खालून कर्रकन आवाज आला. स्टँड रस्त्याला घासला होता. गाडी मागून खूप खाली बसली होती आणि वळून सरळ व्हायला वेळ घेत होती.

मेकॅनिकने पुढचं चाक लोखंडी शिकंज्यात अडकवून गाडी सरळ उभी केली, मला पाय वर घेऊन बसायला सांगितलं आणि मागच्या चाकाशी टेप धरला.

"पार बसलीये. स्प्रिंग गेली, मॅडम."

नवी स्प्रिंग घातली. तरी तेच. त्याने सांधे खोलले, ग्रीस भरलं, पुन्हा जोडले. तेच. मग थोडा संकोचला.

"राग मानू नका, पण वजन किती म्हणालात तुमचं?"

मी सांगितलं. तो माझ्याहून बराच जाड. तो स्वतः बसला, तर स्प्रिंग हवी तेवढीच दबली. खाली उतरून तो डोकं खाजवत माझ्याकडे आणि गाडीकडे बघत राहिला.

"हिचं तुमच्याशीच काहीतरी वाकडं आहे," म्हणाला, आणि त्याने स्प्रिंग पुन्हा दोघांसाठी लावली. "आता चालतेय ना नीट? मग कशाला खोलात शिरायचं."

आता ती नीट चालत होती. मागे कुणी बसलेलं असताना चालावी तशी. ब्रेक थोडा आधी धरावा लागे, चढावर जोर लागे. आणि पाठीला वारा लागत नसे. हात, मान, गुडघे गारठत, पण जॅकेट पाठीकडून कोमट असायचं.

माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःशीही नीट शब्दांत मांडलं नाही. नवरा कधी कुणाच्या मागे बसलाच नव्हता. मागे बसून तो वळणावर कसा कलला असता, ब्रेक लावल्यावर किती पुढे सरकला असता, हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ताडून पाहायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

वजन मात्र मोजता येतं.

मी तसाच एक शिकंजा आणून गॅरेजमध्ये बसवला. गाडीच्या शेपटाला तारेचा काटा बांधला आणि मागच्या भिंतीवर पट्टी चिकटवली. आधी सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवून स्प्रिंग किती वजनाला किती दबते ते पाहिलं. पिशव्यांशी ती अगदी सरळ वागली. मग पिशव्या काढून मी बसले आणि हँडलच्या आरशात पट्टी वाचली. आकडे उलटे दिसत होते. मागची सीट रिकामी दिसत होती. एकूण भारातून मी माझं वजन वजा केलं.

उरलं ते त्याचं वजन होतं. आजारापूर्वीचं.

एवढं वजन कितीतरी माणसांचं असतं. त्या संध्याकाळभर मी स्वतःला तेच बजावत राहिले. तरी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना मी गुणगुणत होते. तो गेल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

प्रत्येक फेरीनंतर मी मोजू लागले. आणि प्रत्येक फेरीनंतर ते कमी भरू लागलं.

आजारपणात दर रविवारी मी त्याला वजनकाट्यावर उभं करायचे. शेवटी शेवटी दोन्ही हातांनी धरून. ते आकडे मला पाठ आहेत. स्प्रिंग तेच आकडे, त्याच क्रमाने सांगत होती. मध्ये एकदा औषध लागू पडल्यासारखं झालं होतं आणि त्याचं वजन किंचित वाढलं होतं. तेव्हा आम्ही दोघं काट्याजवळच उभे राहून हसलो होतो. एका फेरीनंतर काटा तसाच किंचित खाली गेला, म्हणजे वजन वाढलं. मी आरशात पाहिलं आणि मला रडू फुटलं, कारण त्याच्या पुढचे आकडेही मला माहीत होते.

मी गाडी चालवणं बंद केलं.

उभी गाडीही मरते. बॅटरी उतरते, टाकीत पेट्रोल साकळतं, टायर एका जागी चपटा होतो. मी चार्जर लावला, पेट्रोल काढून टाकलं, रोज मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. मेकॅनिकला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. "मॅडम, गाडी म्हणजे काय लोणचं आहे का, मुरवत ठेवायला?"

दुपारी कामावरून आले की मी गॅरेजमध्ये जाऊन गाडीवर नुसती बसायचे. पाठीला ऊब लागायची, तेवढं पुरे होतं.

एकदा नणंदेने तिथेच गाठलं.

"शेजारीण फोन करून सांगते, तुमची भावजय दार लावून बाईकवर बसलेली असते. काय उत्तर देऊ तिला?"

"बसते, एवढंच सांगा."

"अगं, बसायला घरात खुर्च्या नाहीत का? का इथे बसून तो..." ती थांबली. आधारासाठी तिने मागच्या सीटवर हात टेकला होता. तो तिने उचलला, तळव्याकडे बघितलं, पदराला पुसला. मग पुन्हा ठेवला. यावेळी अलगद, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

तो हात तिने हळूच सीटवरून मागच्या गादीपर्यंत नेला.

"केवढा बारीक झालाय," ती म्हणाली. आणि मागे न बघता निघून गेली. त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही आणि घरीही आली नाही.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की नुसतं बसूनही आकडा खाली येतोय. फरक बारीक होता. आधी मी पट्टीला दोष दिला, मग तारेला, मग माझ्या डोळ्यांना. सगळं तपासलं. बसण्याने जात होतं, इतकंच. आणि मी बसले नाही, तर ते तिथे आहे हे मला कळणार कसं?

म्हणजे सांभाळून ठेवण्यासारखं काही नव्हतंच. गॅरेजमध्ये भिंतीकडे बघत संपवायचं की रस्त्यावर, एवढंच माझ्या हातात होतं.

मी टाकीत पेट्रोल भरलं, टायरची हवा पाहिली, साखळीला तेल दिलं. सकाळी ऊन वर आल्यावर निघाले.

डोंगर चढताना मी मुद्दाम सावकाश चालवली. प्रत्येक वळणावर गाडी थोडी जास्त सहज वळत होती. कुठल्याही शिकाऊ माणसाला आवडावी अशी. मला ती तशी नको होती.

माथ्यावर पाठीचा डावा भाग गार पडला.

पठार लागलं. वाळलेलं गवत, दूरवर विजेचे खांब. "आलंच आता," मी हेल्मेटच्या आत म्हणाले. "थोडंच राहिलंय."

चाकं हलकी होत गेली.

रस्ता पाण्याशी संपला. मी इंजिन बंद केलं. उतरले नाही. पाठ पूर्ण गार होती. पाण्यावर वारा होता आणि तो आता आरपार लागत होता.

मी त्याला हाक मारली. एकदाच.

मग गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात उडत होतं. टणक, रिकामं. दोघांसाठी लावलेल्या स्प्रिंगवर एकटं माणूस बसलं की असं होणारच. घरी न जाता मी तशीच वर्कशॉपवर गेले.

"एकटीसाठी लावून द्या," मी म्हणाले.

"तरी मी पहिल्या दिवशी तेच म्हणत होतो!" मेकॅनिक खूश झाला. "शेवटी आलात ना या डॉक्टरच्या औषधावर."

त्याने नट सैल केला, पुढचं चाक शिकंज्यात अडकवलं आणि टेप घेऊन मागे गुडघ्यांवर बसला. पलीकडे हवेचा पंप सुरू होता. मी गाडीवर चढले, पाय वर घेतले, हँडल धरलं.

"हं, बसा, मॅडम."

"बसले आहे."

त्याने टेप चाकाशी टेकवला. काढला. पुन्हा टेकवला. स्प्रिंग जराही दबली नव्हती.

"बसले आहे मी," मी मोठ्याने म्हणाले.

टेपवरची नजर न काढता त्याने रिकाम्या हाताने मी बसले होते त्याच सीटवर दोनदा थोपटलं.

"मॅडम," त्याने दाराच्या दिशेने हाक दिली, "येताय ना?"