चौथा खांदा

भामरागडच्या पुढे जंगलात जी गावं आहेत, तिथं पावसाळ्यात आजारी माणसाची गाडी म्हणजे खाट. चार माणसं चार कोपऱ्यांना खांदा देतात आणि चालू लागतात. त्या दुपारी निकेशच्या बायकोला, रंजीताला, कळा सुरू झाल्या तेव्हा गावात खाट होती, वरून घालायला प्लास्टिकचा कागद होता, नव्हती ती माणसं. धडधाकट गडी बाजाराला गेले आणि नदी फुगल्यामुळे तिकडेच अडकले होते. उरले तिघे. निकेश, त्याचा थोरला भाऊ पत्रू आणि म्हातारा मुखरू. सोबतीला गुणाबाई सुईण.

पुढच्या दोन कोपऱ्यांना मुखरू आणि पत्रू लागले. मागचं आडवं लाकूड एकट्या निकेशनं मानेवर घेतलं. उजवी बाजू सारखी झुकायची, तो हातानं ती वर ओढायचा. दवाखाना नाल्यापलीकडे होता. मागच्या पावसाळ्यात याच वाटेवर, याच नाल्याच्या काठी त्यांचं पहिलं लेकरू जन्माला येतानाच गेलं होतं. तेव्हापासून निकेशनं देवापुढे हात जोडले नव्हते. गावाच्या शिवेवर देवाचं ठाणं लागलं, गुणाबाईनं तिथं पान वाहिलं, तेव्हा तो तोंड फिरवून म्हणाला, "चाला लौकर. तो काही येत नाई खांदा द्यायले."

जंगलात शिरल्यावर भर दुपारी अंधारून आलं. पावसाच्या धारांत पुढचा मागच्याला दिसेना. अशा वेळी पुढचा माणूस हाका घालतो. जित्या माणसाची खाट हाका घालत न्यायची आणि मेलेल्याची मुक्यानं, ही तिथली जुनी रीत. मुखरूनं आयुष्यभर खाटा वाहिल्या होत्या. तो ओरडला, "पैला खांदा?" आणि स्वतःच म्हणाला, "हाय."

"दुसरा?"

"हाय," पत्रू म्हणाला.

"तिसरा?"

"हाय," निकेश म्हणाला.

आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं मुखरूच्या तोंडून निघून गेलं, "चवथा?"

"हाय."

आवाज निकेशच्या उजव्या कानाशी आला, हळू आणि अगदी शांत. खाटेची उजवी बाजू वर आली, सरळ झाली. मानेवरचं अर्धं ओझं गेलं. त्या गारठ्यात, कुजक्या पालापाचोळ्यात, नुकतं झाकण काढलेल्या ऊन भाताचा वास आला.

मुखरू जागच्या जागी थांबला.

"निकेश… बाजूले पाहू नको." तो मागं न वळता म्हणाला. "चुकलो मी. मोकळ्या खांद्याले हाक द्यायची नसते."

"कोन होय तो, बाबा?"

"मले का मालूम… ज्याले कोनी बोलवत नाई, तो येते म्हनत. देव असन. नाई तं…"

खाटेवर रंजीता कण्हली, मग तिचं कण्हणंही थांबलं. गुणाबाईनं कागद उचलून पाहिलं आणि नुसतंच म्हणाली, "पाय उचला रे."

निकेशला मागचा पावसाळा आठवला. एक लेकरू या वाटेनं नेलं, आता हिला न्यायला कुणी आलंय की काय? खाट टाकून पळावं, नाहीतर वळून त्या उजव्या कोपऱ्याशी झोंबावं, असं त्याला वाटलं. पण दोन्ही करायचं तर खाट सोडावी लागली असती.

नाला आला. पाणी छातीपर्यंत, लाल आणि ओढीचं. मधोमध पोहोचले आणि निकेशच्या पायाखालचा दगड निसटला. तो पुरता पाण्यात गेला, हात सुटले. गेली खाट, गेली रंजीता, एवढंच त्याच्या मनात आलं. धडपडत डोकं वर काढलं तर खाट दोन हात पुढे गेली होती, पाटासारखी सरळ. मागे कुणीच नव्हतं. फक्त उजव्या कोपऱ्याखाली पाणी दुभंगून वाहत होतं, पुलाच्या खांबाभोवती वाहतं तसं.

निकेशनं पोहत जाऊन लाकूड पकडलं. दोन्ही हात गुंतलेले, जोडणार कसे? तो रडत रडतच बोलला, "तू कोनी अस… मी रागावलो तुह्यावर. अजूनई रागातच हावो. पन तिले सोडू नको. सोडू नको, बाप्पा…"

खाट चालत राहिली.

दिवस मावळायच्या आत दवाखान्यात पोरगी झाली. रंजीता वाचली. नर्सबाई म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. निकेशनं लेकीला उराशी धरलं आणि भिंतीला टेकून तो लहान मुलासारखा रडला. बाहेर पडवीत मुखरू खाटेपासून लांब बसला होता. कुणी कितीही म्हटलं तरी तो तिच्यावर टेकला नाही.

सकाळी पाऊस उघडला. पत्रू आणि गुणाबाईला बाळंतिणीपाशी ठेवून निकेश कपडे आणायला गावाकडे निघाला, सोबत मुखरू. रिकामी खाट तिथं नेहमी उलटी करून नेतात, म्हणजे वाटेत कुणी तिच्यावर बसत नाही.

"उलटी कर," मुखरू म्हणाला.

दोघांनी मिळून खाट उलटी करायला हात घातला. ती हलेना. सुतळीची वीण मधोमध खोल ओढली गेली होती आणि जागच्या जागी बारीक करकरत होती.

मुखरूनं हात काढून घेतले. "इथंच ठेव हे. चाल, निघू."

निकेश बराच वेळ त्या खोलगट विणीकडे बघत राहिला. भीती त्यालाही वाटत होतीच. मग तो वाकला आणि खाट होती तशीच, सुलटी, मानेवर घेऊ लागला.

"बाबा, पुढून धर."

"अबे, कोनाले नेऊन राह्यला घरी, मालूम हाय का तुले?"

"नाई," निकेश म्हणाला. "पन काल त्यानंई आपल्याले इचारलं नाई, कोनाले नेता म्हनून."

म्हाताऱ्यानं खांदा दिला. खाट वर माणूस बसल्याइतकी जड होती. धक्का लागू नये म्हणून निकेश वाटेतले खड्डे चुकवत, सावकाश चालत राहिला. मुखरूनं त्या वाटेवर एकही हाक घातली नाही.