म्हाळूचे माप

बहात्तर सालच्या भाद्रपदातील वद्य चतुर्दशी. शस्त्राने मेलेल्यांना ज्या तिथीला जेवू घालतात, ती ही तिथी. त्या दिवशी भर दुपारी चेअरमन सुंदररावांची जीप आसाराम सुताराच्या दारात थांबली. गोणपाटात गुंडाळलेली एक लांब वस्तू त्यांनी छपराखालच्या ओट्यावर ठेवली.

आष्टीकडच्या त्या गावात त्या वर्षी दुपारला आवाज उरला नव्हता. झाडांवर पाखरे नव्हती. गोठ्यांत जनावरे नव्हती. आसारामचा रंधा तेवढा वाजत असे. तोही आता थांबला.

"उघड," सुंदरराव म्हणाले.

आत रायफल होती. फौजेने मोडीत काढलेली, सुंदररावांनी लिलावात घेतलेली. लोखंड खणखणीत होते. दस्ता मात्र उभा चिरला होता, आणि कोणा शिपायाच्या गालाने तो एका जागी गुळगुळीत झिजला होता.

"नळी वीतभर कापायची. दस्ता नवा, हलका. जीपमधी बसल्या बसल्या फिरली पायजे."

"शिकारीला का, मालक?"

"शिकार कुटं ऱ्हायली बे? हरणं तहानेनं मेली. धनगरं तेवढी जित्ती हायेत."

सुंदरराव हसले. आसारामही हसला, कारण त्याने हसणे अपेक्षित होते.

त्याने सुताची दोरी घेतली. बंदुकीचा दस्ता माणसाच्या हाताच्या मापाने करायचा असतो. कोपर वाकवायचे, त्याच्या आतल्या घडीपासून चापावरच्या बोटापर्यंत दोरी ताणायची, आणि गाठ मारायची. सुंदररावांचा हात लांब आणि दणकट होता. गाठ मारून आसारामने दोरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. तिथे पुष्कळ दोऱ्या होत्या. कोणाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याचे माप, कोणाच्या कोळप्याच्या मुठीचे. गावातले निम्मे हात त्या भिंतीवर लोंबत होते. त्यांत एक दोरी काळ्या लोकरीची होती.

"परवा, घटस्थापनेच्या दिवशी, तालुक्याचा सायब इहिरीवर येतोय," सुंदरराव म्हणाले. "त्या दगडाबाईनं अर्ज दिलाय. तुला इचारतील. काय सांगशील?"

"मागं सांगितलं तेच, जी."

"काय सांगितलंस मागं?"

"म्हाळूचा पाय घसरला."

"हां. बंदूक परवा सकाळी न्यायला येतो. सायबाच्या देखत ती माज्या खांद्याला आसंल. ध्येनात ठिव."

जीप गेली. धूळ पुष्कळ वेळ हवेतच राहिली.

म्हाळू धनगराचा पाय घसरला नव्हता. ज्येष्ठात सहकारी पाणी सोसायटीच्या विहिरीचा रहाट मोडला होता आणि आसाराम तो दुरुस्त करीत होता. साऱ्या शिवारात पाणी राहिलेली तेवढी एकच विहीर होती. म्हाळू साठ मेंढरे घेऊन आला. मेंढरांसाठी नव्हे, आपल्या तोंडापुरते एक बादली पाणी त्याने मागितले. सुंदररावांनी रहाटाचा मोडका खांब उचलला आणि त्याच्या मानेवर घातला. म्हाळू विहिरीत पडला तो आवाज न करता. आसाराम दहा पावलांवर उभा होता.

नंतर बिरोबाच्या देवळापुढे गाव बसले. म्हाळूची बायको दगडाबाई म्हणाली, "मिस्त्रीनं भंडारा उचलावा. उचलून सांगितलं तर मी गप बसते." बिरोबाचा भंडारा हातात घेऊन खोटे बोललेला माणूस त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. आसारामने उजव्या हाताच्या मुठीत हळद घेतली, हात वर केला आणि सांगितले, की म्हाळूचा पाय घसरला.

दगडाबाई रडली नाही. एवढेच म्हणाली, "आता हात धुवा, मिस्त्री. तुमच्याकडं पाणी हाय."

पाणी होते. त्या दिवसापासून आसारामच्या घरी रोज दोन घागरी येत होत्या, रांगेशिवाय.

जीप गेली त्याच दुपारी त्याने बंदुकीचे काम काढले. नळी पकडीत आवळून कापली, कानशीने तोंड साफ केले. लोखंडाचे काम नीट झाले. दस्त्यासाठी लाकूड शोधताना त्याची नजर छपराच्या कोपऱ्यात गेली. तिथे, दुरुस्तीनंतर आणून टाकलेला, रहाटाचा तो मोडका खांब पडून होता. जुना साग, सरळ रेषेचा. विहिरीवरचे लाकूड घरच्या कामाला लावू नये, असे त्याचा बाप सांगत असे. पण दुष्काळात दुसरा साग कुठून आणायचा, असे स्वतःला सांगून त्याने खांब ओट्यावर घेतला. पाप करणारा माणूस कारण नेहमी जवळच ठेवतो.

रंधा चालू लागला. ढलप्या पायाशी पडू लागल्या. चार महिने छपराखाली कोरडा पडलेला तो साग. पण ढलप्या ओल्या होत्या. बायको गीताबाई झाडायला आली, तिने मूठभर उचलल्या आणि हात झटकला.

"आवं, ह्या गार कावून हायेत?"

"जुनं लाकूड हाय."

"जुनं लाकूड वाळतं. घाम येतो व्हय त्याला?"

त्याने रंधा पुन्हा चालवला.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, सकाळीच दस्ता आकाराला आला. सुंदररावांची दोरी लावून त्याने शेवट कापला. मग खात्रीसाठी पुन्हा दोरी लावली. दस्ता चार बोटे आखूड होता.

बावीस वर्षांच्या कामात त्याची अशी चूक झाली नव्हती. खांबाचा दुसरा अर्धा भाग उरला होता. त्याने तो घेतला. एकदा मापले, दोनदा मापले, तिसऱ्यांदा खडूची खूण करून तिच्यापुढे दोन बोटे जादा ठेवून करवत चालवली. तुकडा खाली पडला. दोरी लावली. चार बोटे आखूड.

छपराखाली ऊन नव्हते, तरी त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. त्याने भिंतीकडे पाहिले. वारा नव्हता. साऱ्या दोऱ्या सरळ लोंबत होत्या. काळी दोरी तेवढी भिंतीपासून किंचित सुटून हलत होती, माणूस नुकताच तिला सोडून गेल्यासारखी.

ती म्हाळूची होती. गेल्या माघात तो कुऱ्हाडीचा दांडा करायला आला होता. सुताची दोरी त्याला चालेना. "आमचं माप आमच्या लोकरीचं," असे हसत म्हणून त्याने स्वतः कातलेली दोरी दिली होती. म्हाळू चणीने लहान होता. हातही आखूड.

आसारामने ती दोरी दस्त्याला लावली. एक टोक मागे, गाठ चापाच्या जागी. केसभराचाही फरक नव्हता.

तो चुलीपाशी गेला आणि दोरी निखाऱ्यांवर टाकली. लोकर भडकत नाही. ती आक्रसत गेली, काळी, बुडबुड्यांची, आणि जळक्या केसांचा वास घरभर झाला. राख होईपर्यंत तो उभा राहिला. मग त्याने सागाचा चार बोटांचा ठोकळा कापला आणि दोन स्क्रूंनी दस्त्याच्या मागे जोडला. एका खोट्याला दुसरे जोडावे तसा तो ठोकळा दिसत होता. पण माप भरले.

दुपार कलली तेव्हा दारात सावली पडली. दगडाबाई होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मिस्त्री, त्याची दोरी हाय न्हवं तुमच्याकडं?"

"कुनाची?"

"नाव घ्या की. नाव घ्यायला काय जातंय?"

आसारामने ओट्यावरचे फडके उचलले.

"आज सर्वपित्री," ती म्हणाली. "त्याचा फोटू न्हाई, पागुटं इहिरीत गेलं. त्याच्या हातची तेवढी दोरी ऱ्हायली. पाटावर ठिवीन, निवद दावीन, परत आनून दीन."

"न्हाई. उंदरानं नेली."

दगडाबाईने हवेचा वास घेतला. मेंढरांत जन्म गेलेल्या बाईला जळकी लोकर ओळखावी लागत नाही. तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"बरं," ती म्हणाली. "मंग माप त्याच्याकडंच आसंल."

ती गेली. आसारामने जवसाचे तेल फडक्यावर घेतले आणि दस्ता घासू लागला. जवसाच्या तेलाने साग तांबूस तपकिरी होतो, हे त्याला डोळे मिटूनही ठाऊक होते. दस्ता पिवळा होत गेला. जितके घासावे तितका पिवळा. गीताबाई आतून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"हळदीचा वास येतोय..."

"आत जा."

"आवं... उद्या खरं सांगा. त्या पान्याचा घोट मला उतरंना झालाय. दोन घागरी नगंत मला."

"आन त्याच्या हातातली बंदूक? ती कुनावर चालंल, ठावं हाय?"

"ती तुमीच करून देताय," गीताबाई म्हणाली.

घटस्थापनेच्या सकाळी सुंदरराव आले. कडक इस्त्रीचा पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला गंध. त्यांनी रायफल खांद्याला लावली आणि तोंड वाकडे केले.

"लांब झाली बे ही. ह्यो मागचा ठोकळा कशाला लावलास? काढ."

"मालक, मापानं..."

"काढ म्हंतो ना!"

आसारामने स्क्रू काढले. ठोकळा निघाला. सुंदररावांनी पुन्हा रायफल खांद्याला लावली. ती त्यांच्या हातात अशी बसली, की जणू त्यांच्याबरोबरच जन्मली होती.

"आत्ता कसं! मिस्त्री, हात हाय तुला."

आसारामचे लक्ष बंदुकीकडे नव्हते. सुंदररावांच्या उजव्या बाहीचे टोक मनगटावर थांबले नव्हते. ते बोटांच्या पेरांपर्यंत आले होते. डावी बाही जागेवर होती.

"मालक... हात जरा... पुन्हा माप घिऊ का?"

"आता कशाला? बसली न्हवं?"

"घिऊ द्या."

त्याने खिळ्यावरची सुताची दोरी काढली, कोपराच्या घडीला एक टोक धरले आणि ताणले. गाठ सुंदररावांच्या बोटापलीकडे चार बोटे हवेत राहिली. सुंदररावांना काही दिसले नाही. ते बाही वर सारून हसत होते. त्यांच्या उजव्या गालावर, जिथे दस्ता टेकला होता, तिथे हळदीचा पट्टा होता.

विहिरीवर गाव जमले होते. खाली तळाशी पाण्याचे एक ताटाएवढे वर्तुळ चमकत होते. तालुक्याचे साहेब छत्रीखाली उभे होते. सुंदरराव जीपला टेकून, रायफल खांद्याला. दगडाबाई समोर, तिच्या मागे मेंढरे. साठ मेंढरांतले एकही ओरडत नव्हते.

"तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत ना?" साहेबांनी आसारामला विचारले.

दगडाबाईने पदरातून भंडारा काढला आणि तळहात पुढे केला.

देव माणसाला शेवटची संधी पुष्कळदा अशी देतो, की ती नाकारायला फक्त तोंड उघडावे लागते. आसारामने चेअरमनांची बाही पाहिली होती. माप पाहिले होते. त्याला सगळे कळले होते. मग त्याला रायफलीची कापलेली नळी दिसली. त्याने स्वतः साफ केलेले तिचे तोंड त्याच्याकडे वळलेले होते. आणि त्याला घरच्या दोन घागरी आठवल्या.

त्याने हळद मुठीत घेतली. हात वर केला.

"म्हाळूचा... पाय घसरला, सायब."

कागदावर अंगठे झाले. दगडाबाईने मेंढरे वळवली. जाताना ती आसारामजवळून गेली, पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले त्याच्या हाताकडे, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सुतकातल्या माणसासमोर बाया ओढतात, तसा.

तो घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. गीताबाईने घट बसवला होता. दिव्यापुढे ती हात जोडून बसली होती, तिने मागे वळून पाहिले नाही.

"सांगितलंत?"

तिने समईतली वात सारखी केली.

"त्या घागरी मी सकाळीच भाईर वतल्या," ती म्हणाली. "जमीन प्याली न्हाई. आजून तसंच थारोळं हाय."

त्याने पैरण काढायला हात उचलला. उजवी बाही त्याच्या मुठीवरून पुढे ओघळली. त्याने ती मागे सारली. ती पुन्हा ओघळली.

"गीते... गीते, दोरी आन."

ती छपराखाली गेली. पुष्कळ वेळाने परत आली. तिच्या हातात काळ्या लोकरीची दोरी होती, कोरी, नुकतीच कातल्यासारखी, मेंढराच्या अंगाची ऊब असलेली.

"ही... कुटं मिळाली?"

"खिळ्यालाच व्हती की."

तिने एक टोक त्याच्या कोपराच्या घडीला धरले आणि दोरी बोटापर्यंत ताणली. गाठ नेमकी बोटाच्या टोकाशी आली. म्हाळूचे माप. दिव्याची ज्योत सरळ होती. घरात हळदीचा आणि विहिरीच्या तळच्या चिखलाचा वास भरून राहिला होता.

"सोड आता," आसाराम म्हणाला. "झालं माप. फिटलं."

गीताबाईने दोरी सोडली नाही. ती डोळे फाडून गाठीकडे पाहत होती. तिच्या दोन्ही चिमटी घट्ट होत्या, दोरी ताणलेली होती, आणि गाठ हळूहळू, बोटावरून मनगटाकडे, सरकत होती; तिच्यामागोमाग हातही आखूड होत चालला होता.