कापायची राहिलेली प्रार्थना

मी उसाचा रस पीत उभी होते आणि माझाच आवाज माझ्यासमोर बोंबलत होता.

"या, या, या! चादरी, टॉवेल, नॅपकिन! असा सेल पुन्हा नाही!"

शाकीरभाईंची रिक्षा दगडी चर्चच्या फाटकाशी थांबली होती. टपावर भोंगा, आणि भोंग्यात मी. एका छोट्या स्टुडिओत मी जाहिराती वाचते, मराठीत आणि कन्नडमध्ये. सोलापुरात कुठेही सेल लागला की माझा आवाज पेठापेठांतून फिरतो.

तेवढ्यात फाटकातून एक उंच, सावळा तरुण पळत बाहेर आला. कानांवर हेडफोन तसाच.

"ओ भाई, बंद करा की ते! आत रेकॉर्डिंग चालू आहे. कोण आहे ही बाई... सकाळपासून डोकं उठवलंय!"

शाकीरभाईंनी भोंगा बंद केला आणि शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "ये क्या, इधरच खडी है."

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "सॉरी हं... म्हणजे, आवाज चांगला आहे तुमचा."

"मग बंद का करायला लावलात?"

"आमच्या चर्चची घंटा बैलगाडीतून कशी आली ते सांगत होतो. गाडी नदीत अडकली, आता पुढे काय... आणि तुम्ही मधेच नॅपकिन विकलेत."

मला हसू आवरेना. तोही हसला. हेडफोन काढायला गेला तर वायर शर्टाच्या गुंडीत अडकली आणि ती सोडवता सोडवता तो माझ्याकडेच बघत राहिला.

त्याचं नाव शमुवेल. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. फाटकावरच्या पाटीवर 'कॅथेड्रल' लिहिलंय, पण गावाच्या तोंडी ते दगडी चर्चच. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, जे पुण्याला नाहीतर दुबईला गेले, त्यांच्यासाठी चर्चनं ऑडिओ सुरू केला होता. चर्चचा इतिहास, रविवारची उपासना, पाळकसाहेबांचं छोटंसं चिंतन, सगळं फोनवर. इतिहास शमुवेल वाचायचा.

"पण माझ्या आवाजात ऐकला की आईसुद्धा झोपते," तो म्हणाला. "तुम्ही... वाचाल?"

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी जन्माची भित्री. पालीला भिते, लिफ्टला भिते, आणि सगळ्यात जास्त भिते थोरल्या काकांना. आम्ही भवानी पेठेतले लिंगायत. अप्पांचं, म्हणजे माझे वडील शिवप्पा यांचं, चादरींचं दुकान. सिद्धाप्पा काका वळसंगला शेती बघतात आणि तिथे बसून आमचं घरही बघतात. माझ्या आत्तेबहिणीनं, महेश्वरीनं, जातीबाहेर लग्न केलं तेव्हा काकांनी तिला उंबरा बंद केला. त्यानंतर आमच्या घरात तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. अशा घरातली मुलगी चर्चचा इतिहास वाचायला जाणार? तोंड 'नाही' म्हणायला उघडलं... आणि 'कधी यायचं?' असं बाहेर पडलं.

अट एकच घातली. दानेश्वरी हे माझं नाव कुठेही येता कामा नये.

वेदीमागच्या लहान खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करायचो. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल. पानापानाला घाम पुसायचा. त्याचा रुमाल माझ्याकडे कधी आला आणि परत द्यायचा कसा राहून गेला, देव जाणे.

"जरा हळू," तो म्हणायचा. "भिंती सेलमध्ये काढल्यासारखं वाचताय."

"घ्या की मग. दोन भिंतींवर एक घंटा फुकट."

"आणि वाचणारी?"

"ती... सेलमध्ये नाही."

"वाटलंच होतं," असं म्हणून तो मान खाली घालून बटणं दाबायला लागायचा. आणि मी उगाचच पुढचं पान शोधायची.

एकदा प्लेगच्या साथीचं पान आलं. गाव ओस पडलं तेव्हा चर्चच्या बाकांवर आजारी माणसं निजवली होती, कुणाचीही, कुठल्याही घरची. वाचताना माझा आवाज फाटला. मी म्हणाले, पुन्हा घेऊ. तो नको म्हणाला. त्यानं हात पुढे केला, माझ्या बोटांपर्यंत आणला... आणि माईक सरळ करून मागे घेतला. त्यालाही भीती होतीच. आम्ही दोघंही एकमेकांना काही म्हणालो नाही. म्हणणार तरी काय? महेश्वरीचं काय झालं ते मी त्याला सांगून बसले होते.

त्या दिवसापासून माझे रविवार धडधडीचे झाले. उपासनेची फाईल दुपारपर्यंत सगळ्यांना जायची. मी गच्चीवर जाऊन कानात इअरफोन घालून ती शेवटपर्यंत ऐकायची. भक्ती कमी, भीती जास्त. कुणी चुकून माझं नाव तर घेतलं नाही ना?

उपासनेत एक वेळ अशी असते की पाळकसाहेब विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची आहे? मग एकेक जण उभं राहतं. कुणाची शुगर, कुणाचा दारुडा नवरा, कुणाच्या मुलीची परीक्षा. घरातलं घरात राहावं म्हणून शमुवेल तेवढा भाग नेहमी कापायचा.

त्या रविवारी तो कापला गेला नव्हता.

आधी एक आजोबा गुडघ्यांसाठी उभे राहिले. मग एक खणखणीत बायकी आवाज आला. शमुवेलची आई, सुवार्ताबाई.

"माझ्या शमुवेलसाठी प्रार्थना करा. आणि भवानी पेठेतल्या दानेश्वरीसाठी. पोरगं रात्रंदिवस तिचाच आवाज ऐकत बसतंय, पण तिला सांगायचा धीर नाही त्याला. देवा, दोघांना धीर दे आणि एकत्र आण."

आणि सगळं चर्च एका सुरात म्हणालं, "आमेन."

मी पाण्याच्या टाकीला धरून खाली बसले. तो माझ्यावर प्रेम करतो, हे मला कळलं होतं... आणि माझ्याबरोबर अख्ख्या सोलापूरला, पुण्याला आणि दुबईलाही. आनंद इतका झाला आणि भीती इतकी वाटली की रडू फुटलं.

फोन वाजला.

"दानेश्वरी, ऐकू नका! म्हणजे... ऐकलंत का?"

"हो."

"आई उठली आणि माझं डोकंच बंद पडलं हो. कापताना पाळकसाहेबांचं चिंतन कापलं गेलं आणि ते राहिलं. आता डिलीट केलंय, पण लोकांनी... असं करा, घरी सांगा, दुसरी कुणीतरी दानेश्वरी आहे म्हणून. भवानी पेठेत काय कमी आहेत? मीही तेच सांगेन."

"शमुवेल, आई म्हणाल्या ते खरं आहे?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात... "हो."

"मग दुसरी कुठून आणू?"

तेवढ्यात खालून अप्पांचा आवाज आला. भरदुपारी अप्पा दुकान सोडून कधीच घरी येत नाहीत.

"दाना! बा... ये इकडं."

खाली अव्वा, माझी आई, भिंतीला टेकून उभी होती. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. त्यांच्या दुकानात रोज चहाला येणारे रणभिसे गुरुजी त्याच चर्चचे. त्यांनी मोठ्या कौतुकानं अप्पांना ऐकवलं होतं.

"ती दानेश्वरी कोण?" अप्पांनी विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. अप्पा, पेठेत दानेश्वऱ्या लई हायत. एवढं म्हटलं की सुटले असते. पण त्या बाईनं देवापुढे उभं राहून माझं नाव घेतलं होतं. आणि तो बिचारा माझ्यासाठी स्वतःच्या आईला खोटं पाडायला निघाला होता.

"मीच ती, अप्पा. चर्चचं सगळं मीच वाचते. आणि मला... मलाबी तो आवडतो."

अव्वानं तोंडावर पदर धरला. अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बोलाव त्याला."

शमुवेल आला तो धापा टाकतच. दारात चप्पल काढताना एक आत, एक बाहेर. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याच्यामागे जाऊन लपले असते.

"तुज्या आईनं देवाला सांगितलं," अप्पा म्हणाले. "गुरुजीनं मला सांगितलं. तू कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही," शमुवेल म्हणाला. "आता सांगतो. माझं दानेश्वरीवर प्रेम आहे. तिला चर्चमध्ये आणायचं नाही मला, तिनं आहे तसंच राहावं. फक्त... माझ्याबरोबर राहावं."

"हिच्या काकाला म्हायताय का तुला?"

"आहे. फार भीती वाटते त्यांची."

"आमाला वाटत न्हाय व्हय?" अप्पा एकदम म्हणाले. "सिद्धाप्पाला फोन गेलाय कुणाचा तरी. सकाळच्या यष्टीनं येतोय त्यो. माझ्या भाचीला त्यानं उंबरा बंद केला तवा मी त्याच्या फुडं गप बसलो. भैन रडत हुती, आन् मी खाली बघत बसलो. अजून बसलोय."

अप्पांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अव्वा पदराखाली रडायला लागली. मला वाटलं, आता ते म्हणणार, म्हणून हे जमायचं नाही, जा तू. मी डोळे मिटून घेतले.

"तुज्या आईला फोन लाव," अप्पा म्हणाले.

"आईला?"

"म्हनावं, शिवप्पासाठी बी माग. थोरल्याच्या फुडं तोंड उघडायचा धीर. फुडच्या रविवारपातूर थांबून भागायचं न्हाय, त्यो उद्याच येतोय. आन् हे मातुर रेकॉर्ड करू नगंस बाबा."

शमुवेलनं फोन लावला. स्पीकरचं बटण मीच दाबलं. सुवार्ताबाईंना महेश्वरीचं शमुवेलकडून आधीच कळलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही, आणि लगेच सुरुवात केली. शिवप्पांना धीर दे. थोरल्या भावाचं मन मऊ कर. त्या दूर गेलेल्या महेश्वरीलाही तिच्या माणसांत आण.

आमच्या घरात फार दिवसांनी तिचं नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं. अप्पांनी टोपी काढली होती आणि हात जोडले होते. शमुवेलनं माझा हात धरला. या वेळी त्यानं तो मागे घेतला नाही. उद्याची भीती होतीच, पण तो हात घामेजलेला आणि घट्ट होता.

प्रार्थना संपली. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते अप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी जोडलेले हात कपाळाला टेकवले आणि आमच्याकडे नमस्काराला म्हणतात तसं म्हणाले, "शरणु."

"शरणु, व्याहीबुवा," पलीकडून सुवार्ताबाई म्हणाल्या.

अप्पांनी दचकून फोनकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे.

"त्यांना म्हनावं," ते शमुवेलला म्हणाले, "उद्या थोरला आला की तुमी बी या. मला एकट्याला जमायचं न्हाय."